‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे काय लिहायचं?

नोकरीचा अर्ज सगळा नीट लिहून झालेला असतो. नाव, शिक्षण, अनुभव, सगळं जागच्या जागी असतं. आणि शेवटच्या ओळीत येतं, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींचे इंग्रजी अर्ज आणि मेल मी बरीच वर्षं तपासून देते आहे. ही एक ओळ जितक्या वेळा दुरुस्त करावी लागते, तितकी दुसरी कुठलीच नाही. ‘हिअर’ नको, ‘हिअरिंग’ हवं, एवढं सांगून काम भागत नाही. मुलं ते पाठ करतात, आणि पुढच्या मेलमध्ये ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहितात. पाठ केलेलं असतं ते फक्त ‘हिअरिंग’पुरतं. म्हणून इथे कारणापासून सुरुवात करते. कारण एकदा कळलं की पाठ करायला फारसं काही उरत नाही.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. ही चूक आळशीपणाची नाही. शाळेत आपल्याला पक्कं शिकवलेलं असतं की ‘टू’ आला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप लिहायचं: टू गो, टू ईट, टू हिअर. तो नियम खरा आहे. ‘हिअर’ लिहिणारी मुलगी तो मन लावून पाळत असते, फक्त इथला ‘टू’ त्या नियमातला नसतो.

पहिली पायरी : ‘टू’ दोन आहेत

इंग्रजीत ‘टू’ हा शब्द दोन वेगळी कामं करतो. मराठीत त्या दोन कामांना दोन वेगळी रूपं आहेत, त्यामुळे आपल्याला हा फरक खरं तर सहज दिसायला हवा. ही दोन वाक्यं वाचा :

मला तुमच्याकडे यायला आवडेल.
तुमच्या येण्याकडे आमचे डोळे लागले आहेत.

पहिल्या वाक्यात ‘यायला’ आहे. इंग्रजीत ते होईल ‘आय वुड लाइक टू कम’. शाळेतला ‘टू’ तो हाच, आणि त्याच्यापुढे मूळ रूप. दुसऱ्या वाक्यात ‘येण्याकडे’ आहे. ‘येणे’ या धातुसाधित नामाला ‘कडे’ हे शब्दयोगी अव्यय लागलं आणि ‘येणे’चं सामान्यरूप ‘येण्या’ झालं. आता ‘लुक फॉरवर्ड टू’ शब्दशः उलगडून बघा : पुढे बघणे, कशाकडे तरी. डोळे पुढच्या दिशेला लागलेले आहेत, आणि ते ज्या गोष्टीकडे लागले आहेत ती ‘टू’च्या पलीकडे आहे. म्हणजे हा ‘टू’ म्हणजे आपला ‘कडे’.

आपण कधी ‘येकडे डोळे लागले आहेत’ म्हणतो का? ‘यायलाकडे’ म्हणतो का? नाही. ‘कडे’ लावायचं तर क्रियापदाला आधी नाम व्हावं लागतं, ‘येण्याकडे’ असंच म्हणावं लागतं. इंग्रजीचीही नेमकी हीच अट आहे, आणि क्रियापदाचं नाम करायचं इंग्रजीचं साधन म्हणजे शेवटी आय-एन-जी लावणं. ‘हिअर’चं ‘हिअरिंग’ होतं ते ‘ऐकणे’चं ‘ऐकण्या’ होतं त्याच कारणासाठी. हा नियम आपण मराठी बोलताना रोज पाळतो.

थोडं विषयांतर, पण मला ते फार आवडतं. इंग्रजीतले हे दोन ‘टू’ मुळात एकाच शब्दापासून आले आहेत. जुन्या इंग्रजीत क्रियापदाआधी येणारा ‘टू’सुद्धा दिशा दाखवणारा शब्दच होता, आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं विभक्ती लागलेलं रूप यायचं. शेकडो वर्षांत ती विभक्ती झिजून गेली आणि ‘टू’ नुसता क्रियापदाला चिकटून राहिला. आपल्या ‘यायला’मधला ‘ला’ तरी कोण आहे? तोही विभक्तीचाच प्रत्यय. दोन भाषा इतक्या दूरच्या, तरी वळण एकच.

दुसरी पायरी : नाम ठेवून बघा

लिहिताना शंका आली तर एक चाचणी करा. ‘टू’च्या पुढचं क्रियापद काढा आणि तिथे एखादं साधं नाम किंवा ‘इट’ ठेवा.

‘आय लुक फॉरवर्ड टू द मीटिंग.’ ‘आय लुक फॉरवर्ड टू इट.’ दोन्ही वाक्यं उभी राहतात. म्हणजे इथे नामाची जागा आहे, आणि क्रियापद ठेवायचं असेल तर ते आय-एन-जी लावूनच.

आता ‘आय वाँट टू द मीटिंग’, ‘आय होप टू इट’ म्हणून बघा. कानालाच खटकतं. तिथे नामाला जागा नाही, म्हणून ‘वाँट टू मीट’, ‘होप टू मीट’ असं मूळ रूपच येणार.

ही चाचणी कळली की तिच्यासोबत आणखी बरंच काही हाताला लागतं. ‘यूज्ड टू’ घ्या. ‘आय यूज्ड टू ट्रॅव्हल बाय लोकल’ म्हणजे मी पूर्वी लोकलने जायचे, आता जात नाही. ‘आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय लोकल’ म्हणजे मला लोकलने जाण्याची सवय आहे. दुसऱ्या वाक्यात ‘आय ॲम यूज्ड टू इट’ असं म्हणता येतं, पहिल्यात तसं होत नाही. मुंबईत पहिल्यांदा मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला या दोन वाक्यांतला फरक खरोखर उपयोगी पडतो. त्याला म्हणायचं असतं ‘मला रोज लांबच्या प्रवासाची सवय आहे’, आणि कागदावर उतरतं ‘मी पूर्वी प्रवास करायचो’.

याच घरातली आणखी मंडळी : ‘ऑब्जेक्ट टू’ म्हणजे एखादी गोष्ट करण्याला हरकत घेणे, ‘इन ॲडिशन टू’ म्हणजे करण्याव्यतिरिक्त, ‘विथ अ व्ह्यू टू’ म्हणजे करण्याच्या दृष्टीने, ‘डिव्होटेड टू’ म्हणजे करण्याला वाहिलेला. मराठीत सगळीकडे ‘ण्या’ आला आहे हे पाहिलंत का? त्या सगळ्यांपुढे इंग्रजीत आय-एन-जी.

पण इथे सावध करायला हवं, कारण अर्धा नियम हातात घेऊन पुढे गेलेलं माणूस नव्या चुका करतं. मराठीत ‘ण्या’ दिसला की इंग्रजीत आय-एन-जी असं उलट धरू नका. ‘तुम्हाला भेटण्याची आशा आहे’ यातही ‘ण्या’ आहे, पण इंग्रजीत ते ‘आय होप टू मीट यू’ असंच होतं. मराठीतून फक्त अर्थ समजून घ्या. निकाल लावायचा तो इंग्रजीतल्या नामाच्या चाचणीने. त्या चाचणीलाही अपवाद आहेत. ‘आय ॲग्री टू द टर्म्स’ बरोबर, तरी ‘आय ॲग्री टू पे’ असंच लिहितात. ‘लुक फॉरवर्ड टू’ला मात्र आजच्या लिखाणात अपवाद नाही, तिथे निर्धास्त राहा.

आणि मधला ‘फॉरवर्ड’ गळला तर सगळंच उलटतं. ‘वी आर लुकिंग टू रेंट अ फ्लॅट’ म्हणजे आम्ही भाड्याने फ्लॅट घ्यायच्या विचारात आहोत. इथे मूळ रूपच येतं.

तिसरी पायरी : वाक्याची तीन रूपं आणि त्यांचा सूर

या शब्दप्रयोगाचे तीन पोशाख आहेत. कुठला कुठे घालायचा हे कळणं व्याकरणाइतकंच महत्त्वाचं आहे.

‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ हे औपचारिक रूप. नोकरीचा अर्ज, बँकेला पत्र, विद्यापीठाला मेल अशा ठिकाणी हेच लिहा. संस्थेच्या वतीने लिहीत असाल तर ‘आय’च्या जागी ‘वी’.

‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू’ हे जवळिकीचं. यात आनंद चालू आहे, आत्ता मनात आहे, असं जाणवतं. ओळखीच्या सहकाऱ्याला, नातेवाइकाला, लग्नाच्या आमंत्रणाच्या उत्तरात हे शोभतं.

‘लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू’ हे कर्ता गाळलेलं, घाईचं रूप. रोजच्या मेलमध्ये सर्रास चालतं. पहिल्याच अर्जात मी ते लिहू देत नाही. चूक नाही, पण अनोळखी माणसाशी बोलताना पूर्ण वाक्य बरं.

पहिल्या दोन रूपांची सरमिसळ करून एक चौथं रूप तयार होतं, ‘आय ॲम लुक फॉरवर्ड’. ते इंग्रजीत नाही. ‘ॲम’ घेतला तर ‘लुकिंग’ घ्या, ‘लुक’ घेतला तर ‘ॲम’ सोडा. कर्ता ‘ही’, ‘शी’ किंवा ‘द कंपनी’ असेल तर ‘लुक्स’ होतं. तो शेवटचा एस फार गळतो : ‘द स्कूल लुक्स फॉरवर्ड टू वेलकमिंग यू.’

‘व्हेरी मच’ घालायचं असेल तर ते ‘लुक’च्या आधी ठेवा : ‘आय व्हेरी मच लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.’ ‘टू’ आणि ‘मीटिंग’ यांच्यामध्ये ते घुसवू नका.

चौथी पायरी : छोटे शब्द गाळू नका, बदलू नका

आपली दुसरी मोठी चूक म्हणजे ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय’. ती कुठून येते हे कळलं की जाईल. आपण मनात म्हणतो ‘वाट पाहते आहे’, त्याचं इंग्रजी आपल्याला येतं ‘वेट फॉर’, आणि तो ‘फॉर’ इथे येऊन बसतो. ‘वेट’ला ‘फॉर’ लागतो, ‘लुक फॉरवर्ड’ला ‘टू’. आणि या दोहोंसारखंच वाटणारं ‘अवेट’ आलं तर काहीच लागत नाही : ‘आय अवेट युवर रिप्लाय.’ या तिघांचे अर्थही जुळे नाहीत. ‘वेट’मध्ये नुसतं थांबणं आहे. ‘अवेट’ कोरडं, कचेरीतलं. ‘लुक फॉरवर्ड’मध्ये येणाऱ्या गोष्टीचा आनंद आहे.

‘फ्रॉम’ गाळला तर अर्थच बदलतो. ‘हिअरिंग फ्रॉम यू’ म्हणजे तुमच्याकडून उत्तर येणं. ‘हिअरिंग यू’ म्हणजे तुमचा आवाज ऐकणं. डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात गाणाऱ्या कलाकाराला ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग यू’ लिहिलंत तर अगदी योग्य होईल. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लिहिलंत तर त्यांना अर्थ लावावा लागेल.

‘मीट’ आणि ‘सी’ यांतही निवड करावी लागते, कारण मराठीत दोन्हीकडे आपण ‘भेटणे’च म्हणतो. पहिल्यांदा भेटणार असाल तर ‘मीटिंग यू’, ओळख असेल तर ‘सीइंग यू’. जुन्या शिक्षिकेला ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की तुमची आधी कधी भेट झालेलीच नाही. मुद्दाम ठरवलेली भेट असेल तर ‘मीटिंग विथ यू’ म्हणतात, ते चालतं.

स्पेलिंगचं थोडक्यात : ‘सी’ला आय-एन-जी लावताना दोन्ही ई राहतात. ‘रिसीव्ह’चा शेवटचा ई पडतो. ‘गेट’चा टी दोनदा येतो. ‘फॉरवर्ड’मधला पहिला आर विसरू नका, पुस्तकाच्या प्रस्तावनेसाठीचा तसाच ऐकू येणारा शब्द वेगळा आहे.

आणि जिथे नाम हाताशी आहे तिथे क्रियापद ओढून आणायची गरजच नाही. ‘आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’, ‘वी लुक फॉरवर्ड टू युवर व्हिजिट’. साधं, लहान, आणि चुकायला जागा नाही. ज्यांना आय-एन-जीची अजून भीती वाटते त्यांना मी पहिले काही दिवस हेच लिहायला सांगते.

पाचवी पायरी : पत्राच्या मधेही वापरा

आपल्याला हा शब्दप्रयोग पत्राच्या शेपटीपुरताच माहीत असतो. आपल्या पत्रांत ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ जिथे यायचं, तिथेच तो बसवायचा, अशी सवय लागलेली असते. पण तो एरवीच्या लिखाणातही सारखा येतो.

भूतकाळात : ‘आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू, बट माय ट्रेन वॉज कॅन्सल्ड.’ भेटीची ओढ होती, पण भेट झाली नाही, हे एका वाक्यात येतं. दिलगिरीच्या मेलमध्ये नुसत्या ‘सॉरी’पेक्षा हे फार बरं वाटतं.

नकारात : ‘आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द एक्झाम.’ म्हणजे परीक्षा नकोशी वाटते आहे. ‘परीक्षेची वाट पाहत नाही’ असा शब्दशः अर्थ घेतला तर गफलत होईल, नावड त्या वाक्यातच आहे.

दुसऱ्याच्या येण्याबद्दल : ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टू यू जॉइनिंग अस’ किंवा जास्त औपचारिक हवं असेल तर ‘टू युवर जॉइनिंग अस’. मराठीतला ‘तुमच्या येण्याकडे’मधला ‘तुमच्या’ म्हणजेच हा ‘युवर’.

‘टू’ वाक्याच्या शेवटी आला तरी घाबरू नका. ‘दिस इज द ट्रिप आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू.’ तो शेवटचा ‘टू’ गाळायचा मोह होतो, कारण पुढे काहीच नाही. पण तो काढला तर ‘कडे’ काढल्यासारखं होईल. घरापासून लांब राहणाऱ्या आईवडिलांबद्दल लिहिताना एक वाक्य नेहमी उपयोगी पडतं : ‘इट गिव्ह्ज देम समथिंग टू लुक फॉरवर्ड टू.’ त्यांना डोळे लावून बसावं असं काहीतरी मिळतं. यात दोन ‘टू’ आहेत, पहिला मूळ रूपाचा, दुसरा ‘कडे’चा. पहिली पायरी समजली आहे की नाही हे बघायला मला हे वाक्य फार सोयीचं वाटतं.

सहावी पायरी : कुठे लिहू नये

या शब्दांत आनंद असल्यामुळे दुःखाच्या पत्रात ते बसत नाहीत. कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल आणि तुम्ही अंत्यविधीला जाणार असाल, तर ‘लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू’ अजिबात लिहू नका. ‘आय विल बी देअर’ एवढं पुरे.

तक्रारीच्या पत्रात मात्र ते चालतात, आणि तिथे त्यांचं काम वेगळं असतं. ‘आय लुक फॉरवर्ड टू युवर रिस्पॉन्स’ म्हणजे उत्तर यायलाच हवं, असं सभ्य शब्दांत सांगणं. थकलेल्या पैशांच्या मेलमध्येही हे वाक्य तसंच येतं. समोरच्याला ते कळतं, तुम्हालाही कळत असू द्या.

एक माझं मत. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युवर पॉझिटिव्ह रिप्लाय’ ही ओळ आपल्याकडे खूप लिहितात. व्याकरण बरोबर आहे, पण उत्तर होकारार्थीच द्या असा रेटा त्यात आहे. अर्जदाराने तो लावू नये असं मला मनापासून वाटतं. ‘युवर रिप्लाय’ म्हणा, होकार तुमच्या कामामुळे येऊ दे. तसंच, एका मेलमध्ये हा शब्दप्रयोग एकदाच. दोनदा आला की दुसऱ्या वेळी तो पोकळ वाटतो.

सातवी पायरी : पूर्णविराम

‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ लिहून पुढे स्वल्पविराम देऊन खालच्या ओळीत ‘युअर्स सिन्सिअरली’ लिहिण्याची पद्धत तुम्ही पाहिली असेल. ती जुन्या पत्रांतून आली आहे. तेव्हा वाक्य पुढे चालू राहायचं : ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू, आय रिमेन, युअर्स फेथफुली.’ म्हणजे आपल्या उत्तराकडे डोळे लावून मी आपला विश्वासू राहतो. मधलं ‘आय रिमेन’ काळाच्या ओघात गळलं आणि स्वल्पविराम लोंबकळत राहिला. आज तिथे पूर्णविराम द्या, आणि निरोपाचे शब्द स्वतंत्र ओळीत लिहा.

आता हात चालवा

पुढची पाच वाक्यं वहीत उतरवा आणि खालची उत्तरं न बघता दुरुस्त करा.

क) वी आर लुकिंग फॉरवर्ड टू वर्क विथ यू.
ख) आय लुक फॉरवर्ड फॉर युवर कॉल.
ग) माय सिस्टर लुक फॉरवर्ड टू दिवाळी.
घ) आय होप टू मीटिंग यू सून.
च) द डे आय वॉज लुकिंग फॉरवर्ड हॅज कम.

‘क’मध्ये ‘वर्किंग’ हवं, सरळ पहिली पायरी. ‘ख’मध्ये ‘फॉर’च्या जागी ‘टू’. ‘ग’मध्ये ‘दिवाळी’ नाम आहे, ते बरोबरच आहे, चुकलंय ते ‘लुक’, तिथे ‘लुक्स’ हवं. ‘घ’ मी मुद्दाम घातलं, कारण आय-एन-जी शिकल्यावर पहिल्या आठवड्यात मुलं तो सगळीकडे लावू लागतात. ‘होप’पुढे नाम बसत नाही, म्हणून ‘होप टू मीट यू’. आणि ‘च’मध्ये ‘फॉरवर्ड’च्या पुढे एक ‘टू’ राहिला आहे : ‘द डे आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू हॅज कम.’ ज्या दिवसाकडे डोळे लागले होते तो दिवस आला. ‘ज्या दिवसाकडे’ म्हणताना ‘कडे’ कुणीच विसरत नाही.